निवृत्तीचा जाळीचा गळपट्टा

बेगडेवाडीच्या हिराच्या घरात उघडी राहिलेली वस्तू शोधून सापडायची नाही. टीव्हीला क्रोशाचं टोपडं, मिक्सरला झगा, पाण्याच्या पिंपावर जाळीचा रुमाल. "हिरे, एक दिवस मलाबी झाकशील," असं तिचा नवरा निवृत्ती पाहुण्यांदेखत म्हणायचा आणि स्वतःच खदाखदा हसायचा. त्याचा आवाज पार घोरावाडीपर्यंत जातो, अशी वस्तीत थट्टा होती. लग्न असो की मयत, त्रिशरण-पंचशील त्यानेच म्हणायचं, असा जणू कायदाच होता.

तो आवाज घशाच्या कॅन्सरने नेला. पुण्यात ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण श्वासासाठी गळ्याला भोक राहिलं आणि बोलणं कायमचं संपलं. भोकावर रुमाल बांधला की तो ओलीने चिकटायचा, जीव गुदमरायचा. काढला की पोरं टक लावून बघायची. सोमाटण्याच्या टपरीवर रोज बैठक मारणारा माणूस भिंतीकडे तोंड करून निजू लागला. हिराला त्या आजाराइतकीच त्याच्या त्या पाठीची भीती वाटायची.

त्यात पुतण्या सुरजचं लग्न ठरलं. तो स्वतः येऊन म्हणाला, "काका, तुमी नुसतं समोर बसा. बाकी मला काय नको." निवृत्तीने मान फिरवली.

हिराने बारीक पांढरा दोरा आणला. साखळीचा टाका, खांबाचा टाका, पुन्हा साखळी. मधून वारा खेळेल अशी जाळी आणि मागे बांधायला दोन बंद. तळहातावर ठेवला तरी भार कळू नये, इतका हलका गळपट्टा झाला. मग तिने तेच केलं, जे ती आजवर प्रत्येक रुमालाला करत आली होती. भाताची पेज गाळली, त्यात तो बुडवला, ताणून उन्हात वाळवला. पाकळी न् पाकळी ताठ उभी राहिली. जित्याची खोड म्हणतात ती अशी.

निवृत्तीने तो बांधून आरशात पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग कपाटातून पांढरा सदरा काढला.

लग्नात सगळेच पांढऱ्या कपड्यांत, त्यात तो गळपट्टा शोभून दिसला. "जाऊबाई, भावजी नवरदेवावानी दिसत्यात!" सुरजची आई रेणुका म्हणाली. वंदना सुरू झाली तेव्हा निवृत्तीचे नुसते ओठ हलत होते. ते बघून हिराला रडू आवरेना, पण तो माणसांत आला याचा आनंदही पोटात मावत नव्हता. शेवटची पंगत उठेपर्यंत तो बसून राहिला, येईल त्याचा हात हातात घेत.

घरी येऊन तिने बंद सोडले. ताठ झालेली जाळी दिवसभर करवतीसारखी घासली होती. ऑपरेशनची कोवळी कातडी सोलून लालभडक झाली होती.

"अवो, हातानं तरी सांगायचं!" ती ओरडली. त्याने गळपट्ट्याकडे बोट दाखवलं, मग तिच्याकडे, आणि छातीवर हात ठेवून हसला.

हिराने तो गळपट्टा रागाने पेटीच्या तळाशी टाकला आणि दुसरा विणायला घेतला. याला पेज लावायची नाही, असं तिने त्याच्यासमोर कान पकडून कबूल केलं. गळपट्टा अर्धा विणून झाला आणि दुखणं उलटलं. निवृत्ती गेला.

अंगणात माणसं जमली. पांढरी चादर आली, मेणबत्त्या लागल्या. गळा मात्र उघडाच होता. हिरा उठली, पेटीतून तो जुना गळपट्टा काढला आणि मोरीत जाऊन बसली.

"काकी, येळ होतोय," सुरज दारातून हळूच म्हणाला. "सगळी खोळंबल्यात."

हिराने वर पाहिलं नाही. ती कोमट पाण्यात जाळी चोळत होती, पांढरट झालेलं पाणी ओतून पुन्हा नवं घेत होती.

"थांबू दे समद्यांना," ती म्हणाली. "अजून पेज हाय ह्यात. टोचलं तरी तुजा काका सांगायचा न्हाई."