आबा गार पडले ती सकाळ

सासऱ्यांना, आबांना, विसरायला व्हायला लागून तीन वर्षं झाली होती. मी सांगवीत आशा सेविका. दिवसभर बाळंतिणींच्या घरी फिरायचं आणि घरी आलं की आबांच्या मागं. थंडीचे दिवस होते. नवरा कारखान्यात पाळीला गेला होता. मी सकाळी भाकरी थापत असताना आबा मागच्या दारानं निघून गेले.

शेजारच्या काकू आणि मी शोधत उसात गेलो. आबा सरीत, पाण्यातच बसले होते. जन्मभर केलं तसं उसाला पाणी द्यायला आले होते. धोतर-सदरा चिंब.

“आबा, उठा.”

“पाणी... वरच्या सरीला...” जीभ जड झाली होती.

ओठ निळे, पोटसुद्धा गार. पण ते कुडकुडत नव्हते, आणि मला त्याचीच भीती वाटली. अंगाची ताकद संपली की कुडकुडणंही थांबतं.

वाटेवरच्या दोघांना हाक मारून आबांना आडवंच, सावकाश घरात आणलं. मी फोन करून अँब्युलन्स बोलावली. ते दोघं रस्त्यावर तिची वाट बघायला गेले. काकू तळपाय चोळायला लागल्या.

“चोळू नका. शेकोटीपण नको. गार रक्त एकदम काळजाकडं जाईल.”

“मग नुसतं बघत बसायचं व्हय?”

मला येत होतं ते बाळांचं. गार पडलेलं बाळ कोरडं करायचं, टोपी घालायची, आईच्या छातीशी धरायचं. मी ओल्या धोतराला हात घातला.

“सुनेनं काढायचं हे?”

“दुसरं कोण हाय, काकू?”

वीस वर्षं त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. अंग टिपलं, डोक्याला मफलर बांधला, दोन गोधड्या घातल्या. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून काखेत ठेवल्या. तरी ऊब येईना, तेव्हा गोधडीत शिरून त्यांना पाठीमागून धरलं. खरं सांगायचं तर मला तिथंच झोप येत होती.

बऱ्याच वेळानं त्यांची हनुवटी थरथरली, मग सगळं अंग. काकू घाबरल्या. मला मात्र हायसं वाटलं. नीट बोलायला, गिळायला लागल्यावर चमच्यानं गोड चहा पाजला. तोवर अँब्युलन्स आली.

चार दिवसांनी ते घरी आले. नवऱ्यानं मागच्या दाराला उंचावर कडी बसवली.

आबांना यातलं काही आठवत नाही. मी चहा घेऊन गेले की अदबीनं विचारतात, “कुणाच्या तुमी?”

मी सांगते. दिवसातून चार-पाचदा सांगते.