जीपवर ओतलेली घागर

चिखल नावालाही उरला नव्हता, त्या साली मी फोर व्हीलची जीप घेतली. एका सहकारी साखर कारखान्याने आपल्या शेतकी खात्याची जुनी जीप लिलावात काढली होती आणि मी गावच्या सोसायटीचा चेअरमन होतो. चेअरमनने मोटारसायकलवर फिरणं मला कमीपणाचं वाटायला लागलं होतं. पुढची चाकंही जोडणारा जास्तीचा गिअर टाकला की ही कसल्याही चिखलातून बाहेर येते, असं मी भेटेल त्याला सांगायचो. ऐकणारे कोरड्या नदीकडे बघत मान डोलवायचे.

आठच दिवसांत जीप कुरकुरायला लागली. खड्डा आला की मागून कुईं कुईं. दारांच्या बिजागरीत तेल सोडलं, स्टेपनी आवळली, सीटखालचे पाने काढून टाकले. आवाज जिथल्या तिथं. शेजारच्या युसूफ वडगाव गावच्या बाजारात एकाने विचारलं, "चेअरमन, मागं डुकराचं पिल्लू बांधलंय का?" सगळे हसले, मीही हसलो, पण ते लई झोंबलं. दुसऱ्या दिवशी केजला सोसायट्यांची बैठक होती. तालुक्यातल्या सगळ्या चेअरमन लोकांसमोर हे पिल्लू घेऊन जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

आमच्या गावात स्टँडजवळच्या लिंबाखाली एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. पाण्याचा टँकरही तिथंच थांबायचा. तो तिथं थांबायचा कारण मी तसं ठरवलं होतं. सरपंच माझी भावजय होती, म्हणजे कागदावर. सही तिची आणि हुकूम माझा, हे सगळ्या गावाला माहीत होतं. लिंबापासून आमचं घर जवळ पडायचं, एवढंच त्यामागचं कारण. वरच्या गल्लीतल्या बायका घागरी घेऊन अर्धा गाव तुडवायच्या, याचा विचार मी कधी केला नव्हता.

मिस्त्रीने इंजिन बंद करायला लावलं आणि मागच्या बंपरवर उभा राहून गाडी हलवली. कुईं.

"इंजनाचा न्हाई, चाकावरल्या स्प्रिंगच्या पाट्याचा हाय," तो म्हणाला. "पाट्याच्या टोकाला रबराचे बुश असतेत. त्यातला एखादा वाळलाय. एकेकावर पाणी मारायचं. ज्याच्यावर पडलं की आवाज थांबंल, तो खराब."

"मग मार की."

"पाणी कुठाय? संध्याकाळी घरचं भांड्याचं खरकटं पाणी आणतो. तेबी चालतंय."

"तेल मार."

"तेल रबर खातंय, चेअरमन. संध्याकाळपस्तोर थांबा की."

मला थांबायचं नव्हतं. टँकर नुकताच गेला होता. वरच्या गल्लीतली एक म्हातारी डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा दोन घागरी घेऊन निघाली होती. तिची पोरं ऊसतोडीला गेली होती. एवढं मला ठाऊक होतं, कारण मुकादम माझ्याच ओळखीचा. बाकी तिच्या घरी काय चाललंय, ते मी विचारलं नाही.

"मावशी, एक घागर ठेव इथं. जीपला लागतीय."

तिने माझ्याकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे. मिस्त्री खाली वाकून पाना शोधायला लागला.

"समदी?" तिने विचारलं.

"समदी."

तिने कमरेवरची घागर उतरवून चाकापाशी ठेवली. घागर न्यायला नंतर येते म्हणाली आणि गेली.

मिस्त्रीने डबड्याने जपून पाणी मारलं. डावीकडे मारलं, आवाज होताच. उजव्या पाट्याच्या मागच्या टोकावर पाणी पडलं आणि गाडी मुकी झाली. मी टाळी वाजवली. घागरीत निम्म्याहून जास्त पाणी उरलं होतं. ते परत द्यावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. बैठकीला जायचं म्हणून मी त्या पाण्याने काच आणि नंबरप्लेट धुतली.  मिस्त्रीने दुसऱ्या गाडीचा एक बरा बुश काढून ठेवला होता, तो बसवून दिला.

केजला कुणीच काही म्हटलं नाही. न वाजणाऱ्या जीपची चौकशी कोण करणार?

तिसऱ्या दिवशी टँकर आला. लिंबाकडे उतार आहे, त्यामुळे डिझेल वाचवायला मी इंजिन बंद करून गाडी सोडली आणि बायकांच्या मागे जाऊन थांबलो. त्यांची पाठ माझ्याकडे होती. आधी कुईं ऐकू आलं की त्यांची बोलणी बंद व्हायची, पदर सावरले जायचे. मी त्याला मान समजत होतो.

"नातवाची पाचवी झाली का? न्हाऊ घातलं का बाळंतिणीला?" एकीने विचारलं.

"कशानं घालू?" म्हातारी म्हणाली. "त्या दिवशी दुसरी घागर प्यायला लागली. वल्ल्या फडक्यानं पुसलं दोघांला."

"जीपला घागर कावून दिली पण?"

"न्हाई कसं म्हणू बाई? टँकर त्येंच्या हातात हाय."

"म्हंजी औंदा पाचवी जीपची झाली म्हणा!"

सगळ्या हसल्या. म्हातारीही हसली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी उलट भांडलो असतो, मला ते चांगलं जमतं. त्या हसण्याशी भांडता येत नव्हतं. पाच दिवसांच्या लेकराचं पाणी मी नंबरप्लेटवर ओतलं होतं, आणि तिथं खरकटं पाणीसुद्धा चाललं असतं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

गाडी मागे घेऊन पळ काढावा असं वाटलं, पण इंजिन सुरू केलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. मी खाली उतरलो. बायकांनी पदर सावरले. म्हातारी वळली. तिने मला पाहिलं, जीपला पाहिलं, नुकतीच भरलेली आपली घागर उचलली आणि चाकापाशी आणून ठेवली.

"घ्या चेअरमन. अजून वाजतीय का?"

"न्हाई मावशी," मी म्हणालो. "आता वाजत न्हाई."

चुकलं म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण तोंडातून निघालं ते असं, "उद्यापसनं टँकर तुमच्या गल्लीत थांबंल. सांगतो मी."

"मेहरबानी झाली," ती म्हणाली. तिने घागर डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे न बघता चढाला लागली.

टँकर दुसऱ्या दिवसापासून वर थांबायला लागला. माफी मात्र मी मागितली नाही, तिला फक्त पुन्हा एकदा दाखवून दिलं की पाणी माझ्या हातात आहे.