एनॉक थ्रपचा घेवडा

माझे यजमान एनॉक थ्रप धर्मस्वातंत्र्यासाठी समुद्र ओलांडून आले. हे ते स्वतःच सांगतात, रोज जेवताना, मक्याची लापशी गार होईपर्यंत. इंग्लंडात बिशपच्या माणसांनी यांना दरडावलं होतं, "मनात काय आहे ते शपथेवर सांग." यांनी तोंड उघडलं नाही, तुरुंगात गेले. माणसाच्या मनात डोकावायचा हक्क फक्त देवाला, असं यांचं म्हणणं.

इथे मॅसॅच्युसेट्सच्या रानात आमचं गाव आम्हीच चालवतो. आम्ही म्हणजे पुरुष, त्यातही प्रार्थनाघराच्या मंडळीत रीतसर सभासद करून घेतलेले. प्रार्थनाघरातली लांब काठी यजमानांकडे असते. प्रवचनात पेंगणाऱ्या पुरुषाच्या टाळक्यात तिची गाठ बसते, बाईच्या नाकाला दुसऱ्या टोकाची कोल्ह्याची शेपटी. काठी मिळाल्यापासून स्वारीचे पाय जमिनीवर नाहीत.

हेप्झिबा आमची सुईण, गावात एकटीच. ती प्रार्थनाघरी येईना. म्हणे, "देव माझ्याशी माझ्या चुलीपाशी बोलतो." झालं! तिला हाकलायचं का, यावर मत घ्यायचं ठरलं. टोपीत मक्याचा दाणा टाकला तर होय, घेवड्याचा टाकला तर नाही. त्या सकाळी यजमानांनी गुपचूप माझ्या घेवड्याच्या मडक्यात हात घातला. आमच्या लेकीचे, सायलेन्सचे, दिवस भरत आले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाचा मला अभिमान वाटला तो तेव्हाच.

टोपी उलटी केली. सगळा मका आणि एकच घेवडा.

"कोण रे हा?" सगळ्यांच्या आधी ओरडले कोण, तर आमचेच हे! "भावांनो, एकेकाने शपथ घ्या, मकाच टाकला म्हणून!"

सगळ्यांनी घेतली. यांनीही घेतली, खणखणीत आवाजात. मग घेवडा सैतानाने टाकला असं एकमताने ठरलं. हेप्झिबा ओढ्यापलीकडे, गावाच्या हद्दीबाहेर, झोपडी बांधून राहू लागली.

सायलेन्सला कळा सुरू झाल्या त्या रविवारी, ऐन प्रवचनात. सुईणीला गावात यायची बंदी, म्हणून मीच पोरीला धरून ओढ्याकडे निघाले. यजमान काठी घेऊन धावत आले, वाट अडवून उभे राहिले. मागे अख्खी मंडळी.

"अगं, प्रभूच्या दिवशी हद्द ओलांडायची नाही. ठराव आहे!"

"पोर मरेल अहो."

"उद्या पहाटे जा ना. लोक बघतायत गं..."

मला या माणसाची किळस आली. मी त्यांच्या हातातली काठी हिसकावून सायलेन्सला टेकायला दिली.

"गावाने मत देऊन ठरवलंय हे!" ते म्हणाले.

"माझं मत कुठे घेतलंत? आता घ्या. घेवडा." मग मी त्यांच्या कानाशी गेले. "आणि तो पहिला कुणाच्या मडक्यातला, ते सांगू का तुमच्या भावांना?"

यजमान बाजूला झाले. आम्ही पाण्यात उतरलो.

मागून कुणीतरी विचारलं, "काय म्हणाली रे ती, भाऊ थ्रप?"

"प्रार्थना करत होती," यजमान म्हणाले.