ब्रेडबोर्डाची दसरापूजा

आता हा किस्सा मीच सांगून टाकते. मी नाही सांगितला तर आई सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगेल. चहा घ्या, आणि हसू आलं तर दाबू नका.

बँकेने मला कोलकात्याला पाठवलं, त्याला दोन वर्षं झाली. बालीगंजच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच, मी आणि आई. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बाकी ठणठणीत, पण कानाने अधू. कानाचं मशीन आणून दिलं तर म्हणे, "कानात माशी घुसल्यासारखं वाटतं." गेलं कपाटात!

समोरच्या फ्लॅटमधल्या माशिमा, म्हणजे मावशी हो, रोज सकाळी अकराला आईकडे गप्पा मारायला येतात. आई मराठीत बोलते, त्या बंगालीत. आईला तसंही ऐकू येत नाही, मग भाषेची अडचण कसली? तासभर रंगतात दोघी!

पण हळूहळू आईला बेलही ऐकू येईना. माशिमा बेल वाजवून वाजवून परत जायच्या. त्यांना वाटलं, दिदींना आपण नकोसे झालो. आणि आई संध्याकाळी मला विचारायची, "हल्ली ती फिरकत नाही गं सुमेधा. माझं काही चुकलं का?" परक्या गावात तिची ती एकुलती एक मैत्रीण. मला फार वाईट वाटलं.

मग काय, आलं माझ्या अंगात! बेल ऐकू येत नाही ना? मग बेल दिसली पाहिजे! दाराबाहेर बटण दाबलं की आत टीव्हीशेजारी लाल दिवा लुकलुकणार. मी व्हिडिओ बघितले आणि चांदनीच्या बाजारात जाऊन सामान आणलं. बोटाएवढा मायक्रोकंट्रोलर, मूठभर तारा आणि एक ब्रेडबोर्ड. ब्रेडबोर्ड म्हणजे भोकाभोकांची पांढरी पट्टी. तारा नुसत्या भोकात खोचायच्या, की झाली जोडणी.

"बच्चे का प्रोजेक्ट है, दीदी?" दुकानदाराने विचारलं.

"नहीं, माँ का."

बिचाऱ्याने झटकन बिल फाडलं.

पंधरा दिवस झटले. दिव्याचे पाय उलटे खोचले, सुलटे खोचले, दोन्ही एकाच ओळीत खोचले. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी बटण दाबलं, तर दिवा लागला! मी एवढ्या जोरात ओरडले की तेवढं आईलासुद्धा ऐकू आलं.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारं-अवजारं पूजतात. आम्ही पाटावर विळी, कात्री, पेचकस मांडले, आणि आई म्हणाली, "तुझं ते नवीन यंत्रही ठेव की." ठेवलं! यथासांग पूजा झाली. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, सगळं. मग मी बोर्ड उचलला, टीव्हीच्या टेबलावर ठेवला, बाहेरच्या बटणाची तार खोचली आणि वीज दिली.

दिवा लगेच लुकलुकला. आई धावत दाराशी. बाहेर कुणी नाही!

ती परत येऊन बसते न बसते तोच पुन्हा लुकलुक. पुन्हा आई दाराशी. पुन्हा कुणी नाही! असं सात वेळा झालं. मी तारा बदलल्या, प्रोग्रॅम नव्याने चढवला, दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग कोलकात्याच्या दमट हवेला घातल्या. पण माझ्या हातून काही चुकलं असेल, हा विचार? छे! मनाला शिवलाच नाही.

मी टेबलात डोकं खुपसून बसलेली, आणि आई कुठे होती? आई समोरच्या दारात!

"या वयात बेल वाजवून पळता?" ती तावातावाने मराठीत विचारत होती. "रागावला असाल तर तोंडावर सांगा ना!"

हातात झारा घेतलेल्या माशिमा बावचळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी हिंदीत समजावलं.

"आमि?" त्या कडाडल्या. "आमि तो रान्ना कोरछि!" मी तर स्वयंपाक करतेय!

जिची मैत्री वाचवायला निघाले, ती मीच मोडत होते की! मी अक्षरशः हात जोडले आणि दोघींना आत आणून टेबलापाशी उभं केलं.

माशिमांनी झारा ठेवला, चष्मा लावला, बोर्डावर वाकल्या आणि म्हणाल्या, "ए की! शिंदूर?" हे काय, कुंकू?

मायक्रोकंट्रोलरला लागून बटणाची तार जिथे खोचली होती, बरोबर तिथे ओल्या कुंकवाचा थर! पाण्यात कालवलेलं कुंकू शेजारच्या भोकात उतरलं होतं आणि बटण न दाबताच वीज आपली वाट काढत होती. मग कळलं, माशिमा तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होत्या! दोन वर्षं शेजारी राहून मी कधी विचारलं होतं का?

"के लागियेछे?" कुणी लावलं, त्यांनी दरडावून विचारलं.

मी, बँकेची जबाबदार अधिकारी, क्षणाचाही विचार न करता आईकडे बोट दाखवलं.

आणि हे मात्र आईला लख्ख कळलं!

"मी नुसतं फूल वाहिलं हो! कुंकू हिने लावलं. वर म्हणाली, 'आई, याचा मेंदू इथे असतो, इथे जरा भरपूर लावते!'"

माशिमांना आधी काही कळलं नाही. मग आईने दोन बोटांनी कुंकू फासून दाखवलं आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत सुटल्या. मला लाज वाटत होती आणि डोळे भरून येत होते, दोन्ही एकदम.

माशिमांनी कापसाने बोर्ड पुसला, पंख्याखाली वाळवला, तारा दोन भोकं सोडून खोचल्या. तेव्हापासून रोज अकराला दिवा लुकलुकतो आणि आई उठून दार उघडते.

बोर्डाच्या वर भिंतीवर एक कागद चिकटवलाय. त्यावर आईच्या अक्षरात लिहिलंय, 'सुमेधाने हात लावू नये.' आणि खाली तेच बंगालीत, माशिमांच्या अक्षरात.