पुरोहिताचा रकाना

माझ्या मैत्रिणीचं लग्न मी लावलं. म्हणजे खरोखर मीच. विद्यापीठाजवळच्या एका छोट्या सभागृहात, रविवारी सकाळी, हातात माईक धरून मी दोघांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. जमलेल्यांनी फुलं टाकली, मग सगळ्यांनी पोहे खाल्ले. भटजी नाही, होम नाही, मुहूर्त नाही. सांगलीकडे आमच्या घरात लग्नं अशीच, सत्यशोधक पद्धतीनं लागतात. माझ्या आईवडिलांचंही तसंच लागलं. चंदीगडमध्ये आपण काही धाडस करतोय असं मला वाटलं नव्हतं.

चूक वेगळीच झाली आणि ती माझी. निमंत्रण मी लिहिलं होतं. दोन पानी, पत्रकासारखंच, कारण मला दुसरं काही लिहिता येत नाही. त्यात मी छापलं होतं की दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना दिलेल्या शब्दावर सरकारी शिक्का लागत नाही. वाक्य लोकांना आवडलं. सभागृहात वाचून दाखवलं तेव्हा टाळ्याही पडल्या. नोंदणी राहिली.

मैत्रीण इथल्या एका मोठ्या रुग्णालयात नर्स आहे, मूळची सोलापूरकडची. नवरा डेराबस्सीच्या औषधांच्या कारखान्यात, गोळ्यांची तपासणी करतो. लग्नानंतर पाच महिने ती नर्सेस हॉस्टेलात आणि तो सेक्टर बावीसमधल्या भाड्याच्या खोलीत. खोली घेताना त्यानं घरमालकाला एकटाच म्हणून सांगितलेलं. बायको आहे म्हटल्यावर घरमालक म्हणाला, "बेटा, सर्टिफिकेट दिखा दे, फिर चाहे दस बार आए." माणूस प्रेमळ होता. प्रेमळ माणसांचा मला जास्त राग येतो, त्यांच्याशी भांडता येत नाही. पाच महिने नवराबायको बागेतल्या बाकावर, बसस्टँडजवळच्या ढाब्यावर आणि माझ्या खोलीत भेटत होते. मी त्या वेळात ग्रंथालयात जाऊन बसायची.

मग रुग्णालयात विवाहितांच्या क्वार्टरची यादी निघाली. दोन खोल्या, स्वयंपाकघर. अर्जाला विवाह प्रमाणपत्र जोडायचं आणि महिनाअखेर यादी बंद. पुढची यादी वर्षानं. निघाली तर.

आम्ही तिघं नोंदणीच्या खिडकीवर गेलो. कोणत्या इमारतीतली ते सांगत नाही, अशी खिडकी या देशात कुठेही सापडते. आत बसलेल्या बाबूनं अर्ज वरून खाली बघितला आणि एका रकान्यावर पेन टेकवलं. तिथं छापलं होतं: विवाह संपन्न करानेवाले पंडित अथवा ग्रंथी का नाम. ग्रंथी म्हणजे गुरुद्वारातला पुरोहित. रकाना आम्ही कोरा ठेवला होता.

"पंडित कौन था?"

"कोणी नव्हता," असं मी हिंदीत सांगितलं.

"तो शादी किसने करवाई?"

"मैंने."

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "आप कौन?"

"दोस्त."

"मैडमजी, दोस्त तो सबके होते हैं."

मी फोटो पुढे केले. त्यात मी माईक धरून उभी, दोघं हात वर करून प्रतिज्ञा घेतायत, मागे हातानं रंगवलेला फलक. बाबूनं शेजारच्याला फोटो दाखवला. "ये तो किसी कॉलेज का फंक्शन लग रहा है." शेजारचा म्हणाला, "इलेक्शन का शपथग्रहण है, जी." दोघं हसले. मी त्यांना शांतपणे सांगायला लागले की आमच्याकडे अशी लग्नं कधीपासूनची मान्य आहेत. बाबू म्हणाला, आपके यहाँ होंगी, यहाँ फॉर्म यही है. या माणसाला लग्नाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला एक चौकोन भरायचा होता. दोन जिवंत माणसं समोर उभी राहून आमचं लग्न झालंय म्हणतायत, याला त्याच्या लेखी काडीची किंमत नव्हती. एखाद्या अनोळखी पुरोहिताच्या सहीला होती.

त्यानं दुसरा रस्ताही सांगितला, अगदी उपकार केल्यासारखा. वेगळ्या कायद्याखाली अर्ज करा. तीस दिवस नोटीस लागेल, भिंतीवर लागेल, दोघांच्या कायमच्या पत्त्यावरही जाईल.

मैत्रिणीनं अर्ज ओढून घेतला. तिच्या वडिलांना अजून काही माहीत नव्हतं. जात वेगळी होती. दिवाळीत घरी जायचं, त्यांच्यासमोर बसायचं आणि आपल्या तोंडानं सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. पोस्टमननं सांगितलेलं तिला नको होतं. आणि तीस दिवसांत यादी बंद झाली असती.

"नाहीतर कुणा जिम्मेदार माणसाचं पत्र आणा," बाबू म्हणाला, "साहेबांना विचारून बघतो."

जबाबदार माणूस आमच्याकडे होता. इथं शिकवणारे एक मराठी प्राध्यापक. त्या लग्नात त्यांनी वीस मिनिटं भाषण केलं होतं, पुरोहितशाहीवर. पोह्यांची दुसरी प्लेट घेताना म्हणाले होते, "असं लग्न या शहरात मी पहिल्यांदा बघितलं." मी तिथूनच फोन लावला. लग्न आपल्या समक्ष झालं, एवढंच लिहून द्यायचं होतं.

"अगं, तत्त्व वेगळं आणि सहीशिक्क्याचं वेगळं," ते म्हणाले. "उद्या कुणी कोर्टात गेलं तर? मुलीच्या घरचे कसे आहेत ते तुला माहीत नाही, मलाही नाही."

"सर, तुम्ही होता तिथं."

"होतो ना. नाही कुठं म्हणतोय? पण लेखी नको. आणि हे बघ, माझ्या मुलीचंही सध्या बघतोय आम्ही. नाव कुठं यायला नको."

पुरोहितशाहीवरचं त्यांचं भाषण मी पुढे एका अंकात छापणार होते. टाइप करून ठेवलेलं ते मी त्याच दिवशी पुसून टाकलं. भटजी निदान आपल्या धंद्याला धंदा म्हणतो.

बाहेर झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत एक एजंट बसला होता. आमचे चेहरे बघून त्याला सगळं कळलं. "मंदिर का सर्टिफिकेट लगवा दो जी. पंडितजी अपने हैं. हार, फोटो, सब उसी में. फेरे चाहिए तो फेरे, नहीं तो सिर्फ फोटो."

मी म्हणाले, मेले तरी नाही. मी तिला तिथंच, फुटपाथवर, समजावायला लागले की हे म्हणजे आपलं लग्न झालंच नाही असं कबूल करणं आहे. माहितीचा अधिकार वापरू, वरच्या साहेबांना भेटू, वकील गाठू, पत्रक काढू.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "झालं तुझं? बया, कागद नको असं कोण म्हणालं होतं?"

निमंत्रणातलं ते वाक्य माझंच होतं.

"तुला पत्रक काढायचंय. मला घर पाहिजे. पाच महिने मी माझ्या नवऱ्याला बागेत भेटतेय, माळी ओळखायला लागलाय आम्हाला. तू काढ ना पत्रक. माझं नाव घालू नको म्हणजे झालं."

नवरा चपलेच्या टोकानं पानं सरकवत उभा होता. एवढंच म्हणाला, "शनिवारी मला सुट्टी आहे."

शनिवारी मंदिरात गेलो. पंडितजी घाईत होते, आमच्या मागे आणखी दोन जोडपी थांबली होती. त्यांनी वही उघडून गोत्र विचारलं. नवऱ्याला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. "कोई बात नहीं," पंडितजी म्हणाले, "जिनका पता नहीं, उनका कश्यप." दोघांच्याही नावापुढे त्यांनी कश्यप लिहिलं. एक गोत्र असलेल्यांचं लग्न त्यांच्याच शास्त्रात बसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि त्यांनी पान उलटलं. हा ज्याच्या सहीवाचून लग्न होत नाही तो माणूस. हार घातले, चार फोटो काढले, हार परत घेतले. पुढच्या जोडप्याला तेच लागणार होते.

सोमवारी पुन्हा खिडकी. रकान्यात आता नाव होतं. बाबू म्हणाला, "अब हुई ना शादी." मैत्रिणीनं माझ्या पायावर पाय ठेवून दाबला. साक्षीदारांत एक नवऱ्याचा कारखान्यातला मित्र होता, दुसरी मी. माझ्या पुढ्यातल्या कागदावर लिहिलं होतं की हा विवाह शनिवारी, हिंदू रीतीनं, सप्तपदीसह, माझ्यासमोर पार पडला. खोटं कोणतं होतं ते मला ठाऊक होतं आणि खरं कुठं लिहायचं त्याला जागाच नव्हती. मी सही केली. बाबूनं सांगितलं, पॅन कार्डावर आहे तशीच करा. परत केली.

मग आम्हाला आत साहेबांसमोर उभं केलं. त्यांनी कागद चाळले आणि नवऱ्याला सहज विचारलं, "शादी कब हुई आपकी?"

गडी प्रामाणिक. त्यानं खरी तारीख सांगितली. पाच महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारची.

साहेबांनी कागदाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. यादी बंद व्हायला तीन दिवस होते.

मैत्रीण लगेच म्हणाली, "इनको तारीखें याद नहीं रहतीं, सर."

साहेब हसले. बाबू म्हणाला, "दो दिन में भूल गया, आगे क्या करेगा," आणि मोठ्यानं हसला. कारखान्यातला मित्र हसला. नवराही उशिरा हसला, कान लाल करून. त्या खोलीत त्या दिवशी खरं बोलला तो एवढाच, आणि सगळे त्यालाच हसत होते. साहेबांनी शिक्का उचलला. तो कागदावर पडेपर्यंत मीही हसत राहिले.