मामांचं नाक आणि गाडीचं

देवानं माणसाला नाक दिलं ते श्वास घ्यायला, आणि उतारवयात चष्मा टेकवायला, असा माझा बरीच वर्षं समज होता. तो माझ्या मामेसासऱ्यांनी खोटा पाडला. त्यांच्यापुरतं बोलायचं तर देवानं आधी नाक घडवलं, आणि ते ठेवायला कुठं जागा नव्हती म्हणून मागाहून मामांना घडवलं.

अनसिंगजवळ त्यांचा भाजीचा मळा. मेथी, कोथिंबीर, वांगी आणि एका कोपऱ्यात हळद. पण पंचक्रोशीत नाव होतं ते नाकाचं. कुणाचीही मोटरसायकल कुरकुरली की आधी मामांच्या अंगणात यायची, मग मेकॅनिककडे जायची. मामा सायलेन्सरमागं उकिडवे बसायचे, डोळे मिटून लांबलचक श्वास घ्यायचे आणि वैद्यानं नाडी सोडावी तसे उठून सांगायचे, "हिले अजीर्ण झालं. पेट्रोल पिऊन राह्यली लय, हवाच नाई घेत." एकदा मी मोठ्या विश्वासानं माझी गाडी पुढं केली. हुंगून म्हणाले, "जवाईबापू, गाडी ठनठनीत हाये. थे कच्चा कांदा तुमी खाऊन आले." बायको त्यावर आठवडाभर हसली.

हे नाक घरातही सुट्टी घेत नसे. मळ्यातून येताना फाटकातच ओरडायचे, "आज वरनात हिंग कमी हाये वं!" मामी कपाळाला हात लावायच्या. "ह्या मानसापायी मले चोरून चहाबी पेता येत नाई," ही त्यांची कायमची तक्रार.

यंदा उन्हाळ्यात गेलो तर फाटकातच मला पेट्रोलचा वास आला. मला! दूध करपल्याचं ज्याला पातेलं पाहून कळतं, त्या मला! अंगणात खुद्द मामांची गाडी काळाकुट्ट धूर ओकत उभी होती. मामींनी मला चुलीपाशी नेऊन हळूच सांगितलं, "बाजारात गिऱ्हाईक कोथिंबिरीची जुडी नाकाले लावते अन् परत ठेवून देते. पेट्रोलचा वास मारते म्हनते. मी सांगून देल्लं तुमच्या मामायले, उद्यापासून मी आटोनं जाईन."

हे साधं नव्हतं. लग्नापासून दोघं वाशीमचा बाजार एकाच गाडीवर करत आलेले. पुढं मामा, मागं मामी, मध्ये भाजीचं गाठोडं. मामा वाटभर बोलायचे, अर्धं वारा न्यायचा, आणि मामी सगळ्यालाच "हो" म्हणायच्या. मामी ऑटोत बसल्या तर मामा कुणाशी बोलणार?

मी बाहेर आलो. मामा सायलेन्सरमागं बसले होते. डोळे मिटले, श्वास घेतला. पुन्हा घेतला. धुरानं माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मामा म्हणाले, "वास तं काहीच नाई."

मग माझ्याकडं न पाहता पुटपुटले, "हिवाळ्यात ताप आलता ना, तवापासून नाक बंद हाये. कोनाले सांगू नका. लोकं गाड्या आनतात, मी आवाजावरून ठोकून देतो."

"कोनाले सांगू नका काय?" मामी दारातून म्हणाल्या. "करपलेलं वांगं तुमी मुकाट्यानं खाल्लं, तवाच समजलं मले."

मग आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मामांनी हातात पाना घेतला. प्लग काढला, तर तो चुलीवरच्या तव्यासारखा काळा. "पेट्रोल जास्त, हवा कमी," ते म्हणाले. चोक पाहिला, तो उघडाच होता. कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू फिरवून पाहिला, फरक नाही. कार्बोरेटरची वाटी उघडली, आतला पेट्रोल अडवणारा फ्लोट शहाण्यासारखा वरखाली होत होता. वाटीचा एक स्क्रू मदत म्हणून मी हातात धरला आणि मेथीच्या वाफ्यात पाडला. तो शोधण्यात आम्हा तिघांचा बराच वेळ गेला, पण मेथी निंदून झाली.

"कार्बोरेटर बिचारा काय करन?" मामा अखेर म्हणाले. "हवाच कुठंतरी अडून राह्यली."

त्यांनी बाजूचं झाकण उघडून एअर फिल्टर बाहेर ओढला आणि तसेच थबकले. हवा आत येते त्या तोंडावर मामींच्या जुन्या लुगड्याचं चौपदरी फडकं सुतळीनं बांधलेलं होतं, वर हळदीचा जाड पिवळा थर.

"हे कोनं बांधलं?" मी विचारलं.

"मीच," मामा म्हणाले. "वाळली हळद घासून पालिश करतानी लय भुकटी उडे. मी नाकाले फडकं बांधलं. म्हटलं, हेबी माह्यासंगं धुळीत उभी हाये, हिच्याबी नाकाले बांधावं. माहं सोडलं. हिचं राह्यलंच."

मामी पदर तोंडाला लावून हसू लागल्या, मग मामाही.

फडकं सोडलं, फिल्टर झटकला, प्लग घासला. गाडी सुरू झाली. धूर आधी काळा, मग विरळ, मग दिसेनासा. मामा सवयीनं सायलेन्सरमागं बसायला वाकले, आणि बाजूला सरले. "ये वं. तू पाह्य."

मामी पदर सावरून उकिडव्या बसल्या. डोळे मिटले, अगदी मामांसारखे, आणि आम्हाला चांगलं ताटकळत ठेवलं. "अजून जरासा वास मारते पेट्रोलचा."

मामांनी हवेचा स्क्रू केसभर फिरवला. "आता?"

"आता बरा येते वास."

"बरा मंजे कसा? नीट सांग ना."

मामींनी पुन्हा श्वास घेतला. "तुमी बाजारातून आल्यावर तुमच्या सदऱ्याले येते, तसा."

मामा मग स्क्रूकडंच पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी दोघं गाडीवरच बाजाराला गेले आणि कोथिंबीर सगळी खपवून आले. आता गावातली गाडी अंगणात आली की मामी हुंगतात आणि मामा निदान सांगतात. गावानंही ते बिनबोभाट मान्य केलंय.

मी निघायच्या दिवशी जेवायला बसलो होतो. मामा हात धुऊन आले, दारात थांबले, मान जरा वर केली आणि म्हणाले, "आज हिंग जास्त पडला का वं वरनात?"

मामींच्या हातातला वरणाचा डाव ताटावरच थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. घरातला हिंग संपला होता. वाशीमहून आणायला मलाच सांगितला होता, आणि मी विसरलो होतो.

"हो," मामी म्हणाल्या. "पडला खरा."

"जरा जास्तच," मी म्हणालो, आणि आणखी वरण मागितलं.