कसलेल्या सोळा तारा

सकाळी साडेसातला ठाण्याहून निघाले. माझ्या धाकट्या बहिणीने, वसुधाने, पियानो आणि चार तंतुवाद्यांसाठी दोन वर्षं खपून एक रचना केली होती. पहिला कार्यक्रम त्याच संध्याकाळी होता. कोलकात्याहून ट्रकने आलेला पियानो भिवंडीजवळ दापोड्याच्या गोदामात होता. सूर लावणारे गृहस्थ आदल्या दिवशी तिथेच काम उरकून गोव्याला गेले होते. मला फक्त पियानो आणायचा होता. वहीत त्यासाठी एक तास धरला होता.

रिक्षावाल्याने मला अलीकडच्याच वळ गावात उतरवलं. "गोदामच पायजे ना? ही सगली गोदामंच हायत!" पत्र्यांच्या रांगा, ट्रक, धूळ आणि पाटी एकाही दारावर नाही. दापोड्याला पोचायला साडेदहा झाले.

गोदामाचे मालक नामदेवदादा. त्यांनी आधी तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली कोळंबी) पुढे ठेवली. "जेवल्याबिगर कामाची गोष्ट न्हाय, ताई." सुकट फर्मास होती, पण माझं लक्ष घड्याळाकडे.

"तुमची पेटी ढिली व्हती," दादा खुशीत म्हणाले. "रफिककडून कसून घेतली."

मी भाकरी तशीच ठेवून पियानोकडे धावले. रफिकभाई जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. मागावर ताणा (उभे धागे) एकसारखा ओढलेला नसेल तर कापड बिघडतं. पियानोच्या तारा त्यांना कमीजास्त ताणलेल्या दिसल्या, म्हणून सकाळपासून पाना घेऊन सोळा तारा त्यांनी एकसारख्या केल्या होत्या. मी एक पट्टी दाबली. भांडं पडल्यासारखा आवाज आला.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"लो! अच्छा काम किया तो डाँट रही हैं," रफिकभाई दादांना म्हणाले.

वसुधाला फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अक्का, किती फिरवल्यात ते विचार त्यांना."

"निशान है ना, बाजी. बिना निशान के मैं नट को हाथ नहीं लगाता."

खरंच, प्रत्येक खुंटीजवळ खडूची रेघ होती. रेघेपर्यंत खुंट्या उलट्या फिरवल्यावर सूर जवळपास आले. उरलेल्यासाठी वसुधाने तिकडे एकेक सूर वाजवायला लावून फोन व्हायोलिनपाशी धरला. रफिकभाईंनी माझा मोबाइल कानाला लावून खुंटी केसभर हलवली. "बस. मिल गया." बिघडलेला माग आवाजावरून ओळखणारा कान होता तो. दादा फाटकात उभे राहून ट्रकवाल्यांवर ओरडत होते, "भोंगा वाजवू नको रं!"

टेम्पो निघाला तेव्हा तीन वाजले होते. मी ड्रायव्हरशेजारी बसून प्रत्येक खड्ड्याला शिव्या घातल्या.

संध्याकाळी कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. रचनेच्या दुसऱ्या भागाची सुरुवात पियानोच्या एकट्या सुराने होते. तो त्या सोळा तारांतलाच होता. पियानोवर बसलेल्या वसुधाचं बोट खाली आलं, सूर लांबला, व्हायोलिन अलगद त्यावर आलं आणि दोन्ही एक झाले. तिच्या दोन वर्षांचं काम मी तिथून पुढे पहिल्यांदा नीट ऐकलं. इतके दिवस मी फक्त त्याची व्यवस्था बघत होते.

"काय गोड वाद्य आहे!" शेजारच्या बाई शेवटी म्हणाल्या. "परदेशातून आणलंय?"

"दापोड्याहून," मी म्हटलं.